फुसका बार नको रे बाबा!

प्रेझेंटेशन आपटलं की आपण म्हणतो, ‘फुसका बार निघाला’. बॉसने आपल्या आडून दुसऱ्या टीमला सुनावलं की ‘माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली’. एखादी बातमी आपल्याला ‘रंजक’ वाटते. गंमत म्हणजे, जुन्या बंदुकीच्या कान्यावर टाकायच्या चिमूटभर दारूलाही मराठीत रंजकच म्हणतात. ती पेटून आत गेली तर बार उडणार, नाही तर नुसताच धूर! थोडक्यात काय, एसीत बसून दिवसभर आपण तोंडाने बंदुका चालवत असतो. पण खरीखुरी ठासणीची बंदूक आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिलीये?

तीस मिनिटं, तेरा बार

जगात हा चक्क वीकेंडचा छंद आहे. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचं बंदूकवाल्यांचं गाव आहे. तिथली पेडरसोली ही कंपनी 1957 पासून जुन्या बंदुकांच्या नव्या, चालणाऱ्या प्रतिकृती बनवते. डिझाइन आजोबांच्याही आजोबांच्या काळातलं, पोलाद आजचं. अमेरिकेत 1968 च्या केंद्रीय कायद्याने अशा बहुतेक ठासणीच्या बंदुकांना ‘अँटिक’मध्ये टाकलंय. त्यामुळे तिकडे गेलेला एखादा आयटीवाला जोशी किंवा पाटील ती सुट्या भागांत मागवून गॅरेजमध्ये जोडूही शकतो (राज्याराज्याचे नियम वेगळे, हे आलंच).

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1971 पासून आहे. स्पर्धेत तीस मिनिटांत तेरा बार काढायचे आणि त्यातले सर्वोत्तम दहा मोजायचे. म्हणजे एका बाराला दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मोजून दारू घाला, गोळी सोडा, गजाने ठासा, कॅप बसवा, घोडा ओढा, श्वास रोखा... धाड! मग पांढऱ्या धुराचा ढग, गंधकाचा वास आणि पुन्हा पहिल्यापासून. टी-ट्वेंटीच्या जमान्यात ही निव्वळ टेस्ट मॅच आहे राव.

ती कॅपही मजेशीर गोष्ट. अलेक्झांडर फॉर्सिथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री पक्ष्यांच्या शिकारीला जायचा. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी आधी दिसायची, पक्षी सावध व्हायचे आणि भुर्रकन उडून जायचे. वैतागून त्याने ठोका बसताच पेटणारं रसायन वापरलं आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. कॅप त्यातूनच पुढे आली.

बिडकीनचे आबा

एवढं लांब जायची गरज नाही, हे मला बिडकीनला कळलं. माझ्या जुन्या रूममेटचं हे गाव. संभाजीनगरहून पैठण रोडने निघालं की चितेगावच्या पुढे. त्याच्या आजोबांकडे एकनळी ठासणीची बंदूक आहे. शिवकालीन वगैरे अजिबात नाही. स्वातंत्र्यानंतर एका लायसन्सवाल्या कारखान्यात बनलेली, तंत्र मात्र फॉर्सिथसाहेबांच्या जमान्यातलं. म्हणजे आपली देशी प्रतिकृतीच म्हणा ना!

लायसन्स पीकसंरक्षणाचं. 1959 च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. काम एकच, रात्री रानडुकरं उसात घुसली की हवेत बार काढायचा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. खंडेनवमीला मात्र पाना-पक्कड आणि कोयत्याच्या शेजारी तिलाही झेंडूचं फूल. गेल्या वर्षी त्या रांगेत माझ्या मित्राचा लॅपटॉपही होता.

आबांच्या गजावर दोन खुणा आहेत. एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गज आत सोडला की बंदूक भरलेली आहे की रिकामी ते लगेच कळतं. साधी गोष्ट, पण जीव वाचवणारी. 1863 मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावर सापडलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक बार ठासलेले निघाले होते. घाबरलेल्या शिपायांना आधीचा बार उडालाच नाही, हेही कळलं नव्हतं! आणि बार खरंच फुसका निघाला तर? ‘‘लगीच वाकून बघायचं न्हाई बाळा,’’ आबा म्हणाले. ‘‘तोंड मोकळ्या रानाकडं धरून गप उभं ऱ्हायचं. कवा कवा उशिरा उडतो.’’

गरम पाणी, साबण आणि पेशन्स

खरा छंद बार काढण्यात नाही, त्यानंतर आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर वजनाने तिचा निम्म्याहून जास्त भाग घन अवस्थेतच उरतो. थोडा धुरातून उडतो, बाकीचा नळीत चिकटतो. त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज धरतो. नुसतं तेल फिरवून हे निघत नाही, कारण क्षार विरघळतात पाण्यात.

म्हणून आबांचं शास्त्र ठरलेलं. बंदूक रिकामी असल्याची खात्री, मग नळी लाकडापासून वेगळी. बूड बादलीत आणि गजाला चिंधी बांधून गरम साबणाचं पाणी वर-खाली. चिंधी पांढरी निघेपर्यंत बदलत राहायची. नळी गरम असतानाच कोरडी करायची, मग तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून बघायची. दहा सेकंदांच्या आवाजासाठी दीड तासाची धुलाई! आपण तर जिमची बॅगसुद्धा आठवडाभर उघडत नाही.

शेतच गेलं, आता?

आता खरी गोची. आबांची बहुतेक जमीन इंडस्ट्रियल कॉरिडॉरमध्ये गेली. 7,855 एकरांच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं. जिथे डुकरं घुसायची तिथे आता रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब आहेत. पीक नाही, तर पीकसंरक्षण कशाचं? लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि पुढच्या नूतनीकरणाला हा प्रश्न कागदावर येणारच.

मित्राला ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर हवीये. आजोबांची आठवण म्हणून, विदाउट लायसन्स. इथेच कायदा मोठा विचित्र वळण घेतो. जुनाट किंवा मोडकं शस्त्र कायद्यातून सुटतं, पण कधी? दुरुस्त करूनही ते चालण्यासारखं नसेल तरच. म्हणजे आबांनी आयुष्यभर चिंध्या फिरवून बंदूक जपली, म्हणूनच ती शोपीस होऊ शकत नाही. हयगय केली असती तर कदाचित झाली असती!

मित्र म्हणाला, ‘‘आबा, मग निकामी करून घेऊ.’’ आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बंदूक ठिवायची तर पुसणारा माणूस पायजे. भितीलाच टांगायचं आसंल तर माझा फोटू टांग की.’’

त्यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. पण त्यानंतर मित्र महिन्यातला एक रविवार बिडकीनला जातो. बंदुकीला हात आबांचाच. हा पाणी तापवतो, चिंध्या फाडतो आणि बघून शिकतो. स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, की बंदूक रीतसर जमा करायची, हे अजून ठरलेलं नाही. एवढं मात्र ठरलंय की आबा असतानाच ठरवायचं, कारण नंतर ठरवायला वेळ मिळत नाही.

तुमच्याही माळ्यावर असेल तर...

• लायसन्सधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा. वारसाला नंतर अर्ज करता येतो.
• ‘जुनी आहे, चालत नाही’ हे आपण ठरवायचं नसतं. निकामी करायची तर परवानगीने आणि लायसन्सवाल्या कारागिराकडूनच.
• परदेशातून चालणारी प्रतिकृती ‘सुवेनिअर’ म्हणून बॅगेत आणू नका. बार उडत असेल तर इथे ती बंदूकच.
• नुसता नेम धरायचाय? जवळची 10 मीटर एअर रायफल रेंज शोधा. धूर नाही, पण श्वास तिथेही रोखावाच लागतो.