खोलीत कॅमेरा मावत नाही

निडीचा पोरगा नोकरीसाठी पनवेलकडे गेला की घरी पहिला फोन पगाराचा नसतो, खोलीचा असतो. कामोठ्यात मिळाली, डिपॉझिट एवढं, चौघांत आहे. चौघे कोण, असं आई विचारते. एक अकोल्याचा, एक कराडचा, आणि आणखी एक आहे, पण त्याची नीट ओळख व्हायचीय, तो रात्रपाळीला असतो. यातल्या कुणी कुणाला निवडलेलं नसतं. भाडं चौघांत वाटलं तर परवडतं, एवढंच नातं. धाटावची एमआयडीसी आणि नागोठण्याचा कारखाना जवळ असूनही आमच्या छोट्याशा स्टेशनावरून दिव्याची गाडी धरणारी ही पोरं मी वर्षानुवर्षं बघतोय. टीव्हीवर मात्र ती कधी दिसली नाहीत.

अमेरिकेत अशा खोलीवर एक कार्टून मालिका निघाली होती, तीही मोठ्यांसाठी. नाव 'मिशन हिल'. 'द सिम्पसन्स'ची धुरा काही काळ सांभाळलेल्या बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांनी ती केली. अँडीला व्यंगचित्रकार व्हायचंय, पण पोटासाठी तो पाणी भरलेल्या गाद्या विकतो. आईवडील वायोमिंगला राहायला जातात आणि केविन नावाचा त्याचा धाकटा, पुस्तकी किडा भाऊ त्याच्या गळ्यात मारतात. घरात जिम आणि पोझी आधीच असतात. शेजारी गस आणि वॉली हे म्हातारं समलिंगी जोडपं, आणि तेही 1999 साली. सप्टेंबरात मालिका सुरू झाली, दोन भाग दाखवून वाहिनीनं ती उचलून ठेवली. उरलेल्यांतले काही भाग पुढच्या उन्हाळ्यात दाखवून टाकले. तयार झाले होते एकूण 13. तिचे चाहते जमले ते नंतर, रात्रीच्या पुनःप्रक्षेपणात. मला तिच्यातलं आवडतं ते हे, की कुणी मोठा होत नाही. भाडं भरायचं असतं आणि गाद्या विकायच्या असतात.

आपल्याकडे याच्या जवळ गेलेली मालिका म्हणजे झी मराठीची 'दिल दोस्ती दुनियादारी'. अमेय वाघचा गिटारवाला कैवल्य, सुव्रत जोशीचा शिस्तीचा सुजय, पुष्कराज चिरपुटकरचा आशू, स्वानंदी टिकेकरची मीनल, सखी गोखलेची रेश्मा, पूजा ठोंबरेची अॅना. त्यांच्या घराला 'माजघर' म्हणायचे. मार्च 2015 ते फेब्रुवारी 2016, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सच्या करारापेक्षा थोडीशीच जास्त. सासू-सुना चार-चार वर्षं मुक्काम ठोकतात त्या वाहिन्यांवर हा मुक्काम आखूडच. 2017 मध्ये हीच मंडळी 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन आली, तीही काही महिन्यांतच आवरली.

गंमत पुढे आहे. त्या सहा जणांनी साडेदहाची वेळ रिकामी केली आणि तिथं राहायला आलं 'रात्रीस खेळ चाले'. कोकणातला जुना वाडा, नाईकांचं कुटुंब, खून, सावल्या. म्हणजे शहरातली खोली गेली आणि गावचं भुताचं घर आलं. मालिका मला आवडली होती, उगाच कशाला नाही म्हणू? पण कोकणी माणूस टीव्हीवर यायचा तर वाड्यातच यावा लागतो, तोही कंदील घेऊन. सकाळची गाडी धरणाऱ्याला तिथं जागा नाही.

वाहिन्यांचं मन लहान आहे असं कुणी म्हणेल. मला वाटतं खोली लहान आहे. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं झोपतात, पण तीन कॅमेरे, लाइटवाले आणि माईक धरणारा मावत नाही. मग सेटवर कॅमेऱ्याच्या बाजूची भिंतच काढतात, हॉल ऐसपैस होतो, सोफा येतो. आणि सगळी भांडणं तर त्या भिंतीचीच असतात! पंख्याखाली कोण, दाराशी कोण, मोरीत जायचं तर कुणाला ओलांडून जायचं.

पेन्सिलीला जागा लागत नाही, म्हणून या खोलीची मालिका कार्टूनच हवी. रात्रपाळीवाला दहा भाग नुसता चादरीचा ढीग म्हणून काढता येतो, बाहेर दोन पाय. खऱ्या नटाला असं झोपवून ठेवायचं तर दिवसाचे पैसे मोजावे लागतील. घरून आलेली सुकट परतायला घेतली की तिचा वास हिरव्या अक्राळविक्राळ आकारात जिना चढून सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारापर्यंत जाताना दाखवता येतो. वास दाखवणारा कॅमेरा अजून निघालेला नाही. कराडचा माळकरी असल्यानं नाकाला रुमाल लावून गॅलरीत उभा, अकोल्याचा ताट घेऊन तयार, आणि सेक्रेटरी खाली येऊन विचारतोय की इथं फक्त फॅमिली राहते, असं ठरलं नव्हतं का. याच अटीपायी 1988 साली 'अशी ही बनवाबनवी'त अशोक सराफांच्या टोळीतल्या दोघांना साड्या नेसाव्या लागल्या. अट अजून जशीच्या तशी आहे. साड्या तेवढ्या गेल्या.

कार्टून म्हणजे पोरांचं, हे आपण कुठून धरून बसलो कोण जाणे. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या, 'आगकाड्यांची मौज'. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' 2019 मध्ये व्हेनिसला पोचला. त्यातली मुंबई हातानं रंगवलेली आहे, रस्त्यावर फुलं विकणाऱ्यांची, पोटासाठी आलेल्यांची. हात आहेत, मुंबईही आहे. खोलीतला विनोद तेवढा कुणी काढलेला नाही.

कुणी काढलाच, तर एक विनंती: तेरा भागांच्या वर जाऊ नये आणि मैत्रीवर गाणं घालू नये. निडीच्या पोराचं लग्न ठरेल, तो दिव्याला वन आरके घेईल, डिपॉझिटमधला रंगाचा खर्च कुणी भरायचा यावर अकोल्याशी त्याचं वाजेल. शेवटच्या भागात एजंट चौथा माणूस घेऊन दारात येईल, जळगावचा वगैरे, हातात गुंडाळलेली गादी. आणि ती पसरण्याआधीच तो विचारेल, पंख्याखाली कोण झोपतं?