पार्सल हरवलं तर नुकसान कुणाचं?

घरबसल्या काहीतरी विकणारं कुणीतरी आता आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतं. कुणी काळा मसाला, कुणी गोधड्या, कुणी बिदरीची कानातली. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची, यूपीआयने पैसे आले की नौबादहून पार्सल रवाना. बहुतेक वेळा ते पोहोचतं. एखादं मात्र ट्रॅकिंगवर चार-पाच दिवस एकाच जागी अडकतं आणि मग मेसेज येतो, "ताई, अजून आलं नाही."

अशा वेळी सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे, "मी पाठवलंय, ही पावती. आता तुम्हीच कुरिअरवाल्याला विचारा." या महिन्यात या उत्तराबद्दलच बोलू. माझ्या मते ते कायद्याच्या दृष्टीने कच्चं आहे आणि धंद्याच्या दृष्टीने तर फारच महाग आहे.

आधी भरवसा कुणी टाकला?

आपल्या आजोबांच्या काळात पुस्तकं व्ही.पी.ने मागवत. पोस्टाची ही सोय १८७७ पासूनची. पोस्टमन पार्सल घेऊन दारात आला की पैसे मोजायचे. वाटेत ते हरवलं तर घेणाऱ्याचं काहीच जात नसे, कारण त्याने अजून पैसे दिलेलेच नसत. सगळी जोखीम पाठवणाऱ्याची.

यूपीआयने हे उलटं केलं. आज लातूरची एखादी मुलगी तुम्हाला कधी न पाहता ६०० रुपये आधी पाठवते. पार्सल अडकलं की तिच्याकडे वस्तूही नसते आणि पैसेही नसतात. शिवाय कुरिअरशी तिचा काहीच व्यवहार झालेला नसतो. पार्सल बुक तुम्ही केलं, पावती तुमच्या नावाची, भाडं तुम्ही भरलं. तिचा व्यवहार तुमच्याशी, तुमचा कुरिअरशी. म्हणून तिचं तुम्ही निस्तरायचं आणि कुरिअरशी तुम्ही भांडायचं. पहिल्या कामासाठी दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही.

कायदा काय म्हणतो?

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ३९ वरवर विक्रेत्याच्या बाजूचं वाटतं. माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो ग्राहकाला दिल्यासारखाच, असं ते सर्वसाधारणपणे धरतं. पण पुढचं पोटकलम वाचायला हवं. मालाचं स्वरूप पाहता वाहतुकीचा जो वाजवी करार करायला हवा होता, तो विक्रेत्याने केला नाही आणि माल हरवला, तर ग्राहक ही 'पोच' नाकारू शकतो किंवा नुकसानीला विक्रेत्याला जबाबदार धरू शकतो. आठ हजारांची बिदरी फुलदाणी विम्याशिवाय साध्या पार्सलने पाठवली, तर तो वाजवी करार होता हे पटवणं अवघड जाईल.

ऑनलाइन बाजारपेठेच्या साइटवरून विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला आणि ग्राहकाने तो परत केला, तर काही अपवाद सोडता विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. जो माल पोहोचलाच नाही, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे लातूरच्या ग्राहकाने ठरवलं, तर नौबादच्या विक्रेत्याला लातूरला जाऊन उत्तर द्यावं लागेल.

कुरिअरकडून किती मिळतं?

पोस्टाची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित आहे. १८९८ च्या कायद्यात हे कलम होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. पोस्टाने नियमांत जेवढी भरपाई कबूल केली आहे तेवढीच मिळते. स्पीड पोस्टचं पार्सल हरवलं तर भाड्याच्या दुप्पट रक्कम किंवा १००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. फुलदाणीला १०० रुपये भाडं भरलं असेल तर हातात येतील २०० रुपये. विमा उतरवला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो बुकिंगच्या वेळीच उतरवावा लागतो.

खासगी कुरिअरच्या बाबतीत पावतीमागची बारीक अक्षरं महत्त्वाची. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा खटला यासाठी माहीत असावा. १९९० मध्ये या कंपनीने जर्मनीतल्या ग्राहकाला कुरिअरने पाठवलेली मालाची कागदपत्रं पोहोचलीच नाहीत आणि कंपनीचं लाखोंचं नुकसान झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की सही केलेल्या पावतीवर जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित असेल, तर तेवढीच भरपाई मिळेल. आपण सही करताना ते वाचलं होतं का, हा प्रश्न मग उरत नाही.

ट्रान्सपोर्टने मोठा माल पाठवत असाल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार माल हरवल्याची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत दिली नाही, तर दावाच करता येत नाही. फोनवरचं बोलणं ही नोटीस नव्हे.

पाठवण्यापूर्वी

थोडक्यात, हरवलेल्या पार्सलचा निकाल बराचसा बुकिंगच्या खिडकीवरच लागलेला असतो. म्हणून एवढं करा:

१. पत्ता ग्राहकाकडून लिहूनच घ्या. आपल्या भागात हे फार गरजेचं आहे. बीदर जिल्ह्यात औराद आहे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात औराद शहाजानी. इंग्रजीत घाईने लिहिलेलं बीड आणि बीदर सारखंच दिसतं. गुलबर्ग्याचं २०१४ मध्ये कलबुर्गी झालं, तरी जुनं नाव अजून पत्त्यांत येतं. अशा वेळी पिनकोड वाचवतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने, संस्कृत कवीने, आखली. पहिला आकडा ४ असेल तर पत्ता महाराष्ट्राच्या विभागातला आणि ५ असेल तर कर्नाटक, तेलंगण, आंध्राच्या. नुसता 'औराद' लिहिलेला पत्ता आला तर आधी हा आकडा बघा.

२. नव्या वसाहतीत घरनंबर नसेल तर जवळची खूण आणि चालू असलेला मोबाइल नंबर घ्या. पोस्टाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवतो. तोही मागून ठेवायला हरकत नाही.

३. पॅक करताना एक सलग व्हिडिओ काढा, ज्यात वस्तू, चिकटपट्टी आणि पत्ता दिसेल. पावतीवरचं वजन तपासा. पुढे "खोका रिकामा निघाला" अशी तक्रार आली तर वजन हाच सगळ्यात साधा पुरावा असतो.

४. तुमच्या धंद्याची एक रक्कम ठरवा. तिच्या वरचं प्रत्येक पार्सल विमा उतरवूनच जाईल आणि तो खर्च किमतीत धरलेला असेल.

हरवल्यावर

ट्रॅकिंग दोन दिवस हललं नाही की ग्राहकाने विचारायच्या आधी तुम्हीच कळवा. त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक ग्राहकालाही पाठवा. पोस्टासाठी वेबसाइट आहे, १८०० २६६ ६८६८ हा फोन आहे. कुरिअर कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून बघा.

'डिलिव्हर्ड' दिसतंय पण ग्राहकाला मिळालं नाही, हा प्रकार नाजूक. लगेच ग्राहकावर संशय घेऊ नका. शेजारी, वॉचमन, कोपऱ्यावरचं दुकान इथे चौकशी करायला सांगा आणि कुरिअरकडून सहीचा, फोटोचा किंवा ओटीपीचा पुरावा मागा. ग्राहकाकडून 'मिळालं नाही' असं लेखी घ्या. खरा ग्राहक ते आनंदाने देतो.

आणि एक तारीख ठरवा. उदाहरणार्थ, दहा कामाच्या दिवसांत सापडलं नाही तर दुसरी वस्तू किंवा पूर्ण पैसे परत. हे तुमच्या पेजवर आधीच लिहिलेलं असावं. पहिलं पार्सल नंतर सापडलं तर काय करायचं, तेही त्यातच लिहा.

एक सावधगिरी. 'तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला लिंक दाबा' असे पोस्टाच्या नावाचे खोटे मेसेज फिरतात. पार्सलची वाट पाहणारा माणूस त्यांना चटकन फसतो. आपल्या ग्राहकांना हे आधीच सांगून ठेवा.

परवडेल का?

हिशेब करून बघू. समजा, वस्तू ६०० रुपयांना विकली. बनवायला ४००, पाठवायला ८०, नफा १२०. शंभर पार्सलांचा नफा १२,००० रुपये. त्यातलं एक हरवलं आणि तुम्ही दुसरं पाठवलं, तर खर्च ४८० रुपये, म्हणजे चार पार्सलांचा नफा. प्रत्येक पार्सलमागे पाच रुपये बाजूला काढले तर तो आधीच भरून निघालेला असतो. दोन हरवत असतील तर दहा रुपये काढा. तुमचा खरा आकडा तुमच्या वहीत सापडेल. हरवलेल्या पार्सलांची नोंद मात्र ठेवायला हवी.

उलट ते ४८० रुपये वाचवले तर काय होतं, तेही मांडून बघा. लातूरची ती मुलगी परत येत नाही. मंडळाच्या, भिशीच्या, कॉलनीच्या ग्रुपवर ती काय लिहील, ते तुमच्या हातात राहत नाही. आपली दुकानं लहान आहेत, जाहिरातीला पैसे नाहीत. ग्राहक येतात ते एकीने दुसरीला सांगितल्यामुळे. सुखरूप पोहोचलेल्या पार्सलबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हरवलेल्या पार्सलचे पैसे न मागता परत आले, तर ती गोष्ट मात्र दहा घरी सांगितली जाते.