कुत्र्याला आंघोळ घातली तरी पिसवा परत का येतात? त्यांचा धोका नेमका किती?

पावसाळा आला की कुत्रा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: पिसवांवर उपाय काय? कोणी रॉकेल सुचवतं, कोणी जेवणात लसूण, कोणी रोज शाम्पू. पण यातला प्रत्येक उपाय फक्त कुत्र्याकडे पाहतो. पिसवांचं खरं घर मात्र तुमचं घर असतं.

पिसू आणि गोचीड एकच का?

नाही. पिसू सहा पायांची, तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची असते आणि उडी मारते. गोचीड कातडीला चिकटून बसतो. कुत्र्यांना होणारा 'टिक फीव्हर' गोचिडांमुळे होतो. पण म्हणून पिसवा निरुपद्रवी ठरत नाहीत.

पिसवांमुळे काय होतं?

सगळ्यात जास्त दिसणारा त्रास म्हणजे ॲलर्जी. काही कुत्र्यांना पिसूची लाळ सहन होत नाही. मोजक्या चाव्यांनीही शेपटीच्या बुडाशी केस गळतात आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळतात.

लहान पिल्लांसाठी धोका मोठा आहे. पिसवा रक्तावर जगतात. संख्या वाढली तर पिल्लाला रक्तक्षय होतो, हिरड्या फिकट पडतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो.

तिसरा धोका टेपवर्मचा. अंग चाटताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्या पोटातला जंत त्याच्या आतड्यात वाढतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. क्वचित, चुकून पिसू गिळलेल्या लहान मुलांनाही हा जंत होतो.

मग त्या जात का नाहीत?

एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. ती अंगावरून घरंगळून गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत पडतात. ढोबळ अंदाजानुसार अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या फक्त 5 टक्के असतात. उरलेली 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष घरातच असतात. दमट हवा त्यांना मानवते. कोषातली पिसू काही महिने थांबू शकते आणि माणसांची हालचाल, ऊब जाणवली की बाहेर पडते. म्हणूनच गावाहून परतल्यावर बंद घरात अचानक पिसवा चावू लागतात.

काय करावं, काय टाळावं?

आधी खात्री करा. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, कोपरे आणि सोफा रोज झाडा. जुने कोष संपेपर्यंत, म्हणजे किमान तीन महिने, उपचार सोडू नका.

लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं तर विषबाधा होते. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीच्या जिवावर बेतू शकतं.

आयसोक्साझोलीन गटातल्या गोळ्या प्रभावी आहेत. पण काही जनावरांना त्यामुळे झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये दिला होता. त्यामुळे कुत्र्याला आधी फिट आली असेल, तर गोळी देण्यापूर्वी पशुवैद्यकांना ते जरूर सांगा.