‘प्रोड्यूसर’ म्हणजे नक्की कोण?

परवा डोंबिवलीत एका हळदीला गेलो होतो. डीजेने एक आगरी गाणं लावलं आणि अख्खा मांडव उठला. माझा शाळेतला मित्र मात्र खुर्चीतच. हळूच म्हणाला, "ह्याचं म्युझिक मी केलंय रे."

बीट, बेस, मिक्सिंग... सगळं कल्याणच्या वन बीएचकेमधल्या बेडरूममध्ये. पैसे एकदाच मिळाले. यूट्यूबवर नाव? नाही. लेखी करार? "ओळखीतलं काम होतं ना!"

आता गंमत बघा. हा स्वतःला ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणवतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातला प्रोड्यूसर म्हणजे रेकॉर्डिंगसाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणजे बहुतेक वेळा पैसे लावणारी कंपनी. रेकॉर्डिंगचा हक्क तिचा, प्रकाशनानंतर ६० वर्षं! २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. पण चाल दुसऱ्याची आणि बाकी सगळा साज ह्याचा असेल, तर वाटेकऱ्यांत हा नाही.

हे जुनंच दुखणं आहे म्हणा. ‘अष्टविनायक’ (१९७९) मुळे अनिल-अरुण ही संगीतकार जोडी आपल्याला ठाऊक. पण अनिल मोहिल्यांनी अरेंजर म्हणून केलेलं काम किती जणांना सांगता येईल? २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’वर सगळे नाचले. संजू राठोड माहीत आहे, पण त्याचं म्युझिक करणारा जी-स्पार्क?

तुम्ही म्हणाल, तुझा कोड तरी कुठे तुझ्या नावावर असतो? बरोबर. पण मी ऑफर लेटर वाचून सही केली होती, आणि दर महिन्याला पगार, पीएफ मिळतो. मित्राने काय विकलं हे त्यालाच माहीत नाही.

म्हणून माझं साधं मत: फायनल फाइल पाठवायच्या आधी एक पानाचा कागद करा. नाव कुठे येणार, रक्कम किती, पुढच्या कमाईत टक्का किती. संगीताचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायला कायद्यानेही सहीचा कागद लागतोच.

मित्र हसला. "कागद मागितला तर काम पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पोराला जाईल."

खरंय. म्हणून त्या पोरानेही मागायला हवा. टक्क्यावर अडत असेल तर निदान नावापासून सुरुवात करा. यूट्यूबवर एक ओळ लिहायला कुणाचा रुपयाही जात नाही.

असो. पुढचं गाणं लागलं तेव्हा त्याला ओढतच नाचायला नेला :-)