ल्युपस : संकेत उलगडला, निदान मात्र उशिरा

चाळीसगाव परिसरात कापूस वेचणीच्या दिवसांत सांधेदुखी, थकवा, बारीक ताप या तक्रारींचे कोणाला नवल वाटत नाही. उन्हात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईचे अंग दुखणारच, असे घरचेही म्हणतात. मात्र त्यासोबत गालांवर लाल चट्टे उठत असतील, उन्हात ते वाढत असतील, केस गळत असतील, तर ‘ल्युपस’ची शंका घ्यायला हवी. या आजाराच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्या बहुधा ऐन तारुण्यातील असतात.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. पेशी एकमेकींना इशारा देण्यासाठी जी प्रथिने सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये विषाणूंच्या अभ्यासातून लागला. विषाणू शिरताच ते शेजारच्या पेशींना सावध करते. फ्लूमधील ताप आणि अंगदुखी ही बरीचशी त्याचीच करणी. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांत विषाणू नसतानाही हा इशारा चालूच राहतो. मृत पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनए-आरएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. या दोहोंच्या गाठोड्याला रोगप्रतिकारक पेशी विषाणूच समजतात आणि आणखी इंटरफेरॉन सोडतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, की पुन्हा तेच चक्र. खानदेशातील ऊन या रुग्णांचा आजार भडकवू शकते, ते यामुळे. काही प्रकारच्या कावीळीवर पूर्वी इंटरफेरॉनचीच इंजेक्शने दिली जात; त्यांतील काही रुग्णांत ल्युपससारखी लक्षणे उमटली होती. यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

केवळ एका प्रकारच्या इंटरफेरॉनला अडवणाऱ्या औषधांनी फारसे यश दिले नाही, कारण त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी अनेक पेशीवरील ज्या एकाच ग्राहीला चिकटतात, ती ग्राही बंद करणाऱ्या ॲनिफ्रोलुमॅबला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी पहिली मुख्य निकषावर अयशस्वी ठरली होती, हे विसरून त्याला रामबाण म्हणणे घाईचे होईल. शिवाय असली जैविक औषधे महागडी असतात.

त्या मानाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही हिवतापावरची जुनी गोळी स्वस्त आहे. पेशींना डीएनए-आरएनएची चाहूल लागते, ती पायरीच ही गोळी मंदावते. म्हणजे गरिबाची गोळी आणि श्रीमंताचे इंजेक्शन एकाच साखळीवर काम करतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने लोकांनी तिचा साठा केला, तेव्हा ज्यांना ती रोज लागते अशा ल्युपसच्या रुग्णांची धावपळ झाली. कोरोनावर तिचा उपयोग नसल्याचे पुढे सिद्ध झाले.

खरी अडचण निदानाची आहे. संधिवाततज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांत बसतात; तोवर वेदनाशामक गोळ्यांवर महिने जातात. ल्युपस मूत्रपिंडात उतरला, तर सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही आणि याच गोळ्या मूत्रपिंडाला आणखी अपाय करू शकतात. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते. ती प्रत्येक संशयित रुग्णाची व्हावी, आणि त्यात दोष आढळल्यास धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी त्याच दिवशी दिली जावी.