बंद पडणारा संगणक व आपला उतावळेपणा

घरांतील संगणक काम चालूं असतां एकाएकीं बंद पडूं लागला, म्हणजे घरांत दोन पक्ष उभे राहतात. वडील मंडळी म्हणतात, पोरानें खेळ खेळून यंत्राची वाट लावली. पोर म्हणतो, यंत्र जुनें झालें, नवें घ्या. आमच्या मतें दोन्ही पक्ष पुराव्यावांचून निकाल देतात, आणि त्याचा भुर्दंड घरखर्चास बसतो.

यंत्र बंद कसें पडतें, हें आधीं नीट पहावें. मोठें काम दिलें कीं पंखा घोंगावूं लागतो व मग एकदम अंधार होतो, असें असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. तापमान सुमारें १०० अंश सेल्सिअसच्या घरांत गेलें कीं बहुतेक प्रोसेसर आधीं आपली गति कमी करितात, आणि तरीहि उष्णता वाढली तर यंत्र बंद पाडतात. हा बिघाड नव्हे, बचाव होय. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांतील धूळ काढली व वाळलेली पेस्ट नवी लावली, एवढ्यानें कित्येक ‘मेलेले’ संगणक उठून बसतात.

याउलट निळा पडदा येऊन दर वेळीं निराळीच चूक दिसत असेल, तर रॅम तपासावी. दोन पट्ट्यांपैकीं एक काढून दुसरीवर यंत्र चालवावें. मग उलट करावें. मेमटेस्ट ८६ ही परीक्षा रात्रभर चालवून एकहि चूक निघाली, तरी ती पट्टी किंवा तिची खांच संशयास्पद समजावी. पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरविण्याचा आपल्याकडील उपाय प्रसिद्धच आहे. त्यानें गुण येतो खरा; पण तो पुष्कळदां रबराचा नसून पट्टी पुन्हां नीट बसविल्याचा असतो!

वीज पुरविणारी पेटी, बाजारांतील एस. एम. पी. एस., फार फसवी. तिचा १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ यांच्या बाहेर जातां कामा नये. परंतु मापकावर आंकडा ठीक दिसूनहि भार पडतांच ती कच खाते. म्हणून उसनी आणलेली चांगली पेटी जोडून पहावी. ती पेटी उघडूं मात्र नये. तार काढल्यावरहि आंतील कपॅसिटरांत घातक भार राहूं शकतो. विंडोजच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ सांपडलें कीं कित्येकांस चोर सांपडल्याचा आनंद होतो. ती नोंद एवढेंच सांगते कीं, यंत्र रीतसर बंद झालें नाहीं.

प्रयोगापूर्वीं आपले लेख व चित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीं. मग एका वेळीं एकच वस्तु बदलावी व काय घडलें तें वहींत लिहावें. तीन वस्तु एकदम बदलून यंत्र चाललें, तर बहुधा दोहोंचे पैसे वायां जातात आणि दोष कोणता तें कळतच नाहीं.

आमच्या शाळांत मुलांस संगणक चालविणें शिकवितात. झांकण उघडूं देत नाहींत. रॅम काढणें-घालणें सायकलचें पंक्चर काढण्याहून अवघड नाहीं. निकामी संगणकांपैकीं एक वर्गांत ठेवावा, विजेची तार काढावी, उघड्या धातूस हात लावावा, आणि झांकण मुलांकडूनच उघडवावें.