थोडे आणि थोडेच

इंग्रजी व्याकरण शिकवताना 'लेस' की 'फ्यूअर' या प्रश्नाला आपल्याकडे भलताच मान आहे. मोजता येणाऱ्या नामाआधी 'फ्यूअर', न मोजता येणाऱ्या नामाआधी 'लेस'. चुकले की गुण गेला. या नियमाशी आमचे वैर नाही, पण त्याला दिलेले मानाचे पान आम्हांस खटकते.

मुळात तो नियम म्हणून जन्मलाच नाही. रॉबर्ट बेकर यांनी १७७० साली संख्येच्या संदर्भात 'लेस'ऐवजी 'फ्यूअर' अधिक शोभेल, असे आपले वैयक्तिक मत नोंदवले. पुढच्या व्याकरणकारांनी त्या आवडीचा कायदा केला. त्याआधी नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या गद्यातही मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'लेस'चेच जुने रूप आढळते. आजही अंतर, पैसा आणि काळ यांच्या मापांसोबत कट्टर वैयाकरणसुद्धा 'लेस दॅन'च लिहितात. शिवाय येथे चूक झाली तरी अर्थाला धक्का लागत नाही.

'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचे तसे नाही. तेथे एक 'अ' गळला की वाक्य उलटे होते. एखाद्या टीकालेखात 'देअर इज लिटल डाउट' असे येते. त्याचे 'थोडी शंका आहे' असे भाषांतर झाले, तर लेखकाने ठामपणे मांडलेले विधान मराठीत येताना डळमळीत होते. त्याला म्हणायचे होते, 'शंका फारशी नाही'. 'फ्यू क्रिटिक्स' म्हणजे 'काही समीक्षक' नव्हेत. ते 'फारच थोडे समीक्षक', आणि त्यात उपेक्षेची तक्रार आहे. प्रत्यक्ष समीक्षक पाच असोत वा पंधरा, आकड्याशी या शब्दांना कर्तव्य नाही. उणीव सांगायची की अस्तित्व, हे लेखकाने ठरवलेले असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कळले नाही, तर तो लेखकाची भूमिकाच चुकीची वाचतो.

गंमत अशी, की हा भेद मराठी कानाला परका नाही. 'थोडे लोक आले' आणि 'थोडेच लोक आले' यांतील अंतर शाळकरी मुलालाही समजते. इंग्रजी जे काम 'अ' गाळून करते, ते आपण 'च' जोडून करतो; कधी 'फारसे' आणि 'नाही' यांची जोडी लावतो, कधी 'जेमतेम' म्हणतो. ('तो थोडाच येणार आहे!' यात तर हा 'च' सगळेच नाकारून मोकळा होतो.) उलट 'मच' आणि 'मेनी' यांचा भेद आपल्याला पाठ करावा लागतो, कारण आपले 'पुष्कळ' पाण्यालाही चालते आणि माणसांनाही. 'सल्ला' तर आपण सर्रास मोजतो, मग 'अ‍ॅडव्हाइस' का मोजायचा नाही, हे मुलांच्या गळी उतरवणे कठीणच. तेथे घोकंपट्टीला इलाज नाही.

पण 'फ्यू'साठी ती कशाला? आमची शिक्षकांना सूचना एवढीच, की रिकाम्या जागा भरून घेण्यापूर्वी एखादा परीक्षणातला उतारा द्यावा आणि परीक्षक येथे कौतुक करतो आहे की कुरकुर, ते विचारावे. 'क्वाइट अ फ्यू' मात्र तेव्हा वेगळे काढून दाखवावे लागेल. दिसायला तो 'थोडे'च्या घराण्यातला, पण त्याचा अर्थ 'बरेच' असा आहे.